कागद, कापड आणि पात

मालकी-इतिहासाचा जो मसुदा माझ्याकडे सहीसाठी आला, तो चार ओळींचा होता आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ‘रचना क्रमांक अकरा’, कोलाज, १९७७. चित्रकार सिप्रियन तुस्कानो, भुईगाव. १९७९ साली दालनाने चित्रकाराकडून थेट विकत घेतले. तेव्हापासून अखंड दालनाच्या संग्रहात. प्रदर्शने : १९७८, १९९९, २०११. त्याखाली माझे नाव, पदव्यांसकट, आणि नावाच्या वर सहीपुरती मोकळी जागा.

कलेचा इतिहास चाळीस वर्षे शिकवून मला एवढे कळले आहे की, मालकीच्या कागदात ‘अखंड’ हा शब्द जो लिहितो, त्याला बहुधा काहीतरी तुटलेले लपवायचे असते. पण हे ज्ञान मी इतरांच्या कागदांसाठी राखून ठेवले होते. हा कागद माझ्या ओळखीतला होता. सिप्रियन सर हे माझे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. मी भुईगावचीच, वाडीवाल्या वर्तकांची मुलगी. सर १९८६ साली वारले तेव्हा त्यांना गावाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते. आज ओळखतात, आणि त्याचे थोडे श्रेय माझ्या एका लेखाला दिले जाते.

“फक्त फॉर्मॅलिटी आहे, मॅडम,” धवल फोनवर म्हणाला होता. मुंबईतले ते कलादालन आता तोच चालवतो. वडील जाऊन दहा वर्षे झाली. दिल्लीतले एक नवे संग्रहालय ‘अकरा’ घेत होते, आणि तिथल्या वकिलांना स्वतंत्र अभ्यासकाची सही हवी होती. “तुमच्यापेक्षा या चित्राबद्दल जास्त कोणाला माहिती आहे?”

हा प्रश्न त्याने खुशामत म्हणून विचारला. त्याचे खरे उत्तर मिळायला मला पुढे आठवडा लागला.

तो लेख २०११ च्या प्रदर्शनासाठी लिहिलेला. ‘अकरा’मध्ये पतंगाचे कागद आहेत, शाळेच्या उत्तरपत्रिकांचे कपटे आहेत, मधोमध लाल चौकड्यांच्या लुगड्याचा आडवा पट्टा आहे, आणि डाव्या कोपऱ्यातून त्या लालवर उतरणारी, वीतभर लांबीची एक वाळकी पात आहे. त्या पातीवर मी दोन पाने लिहिली. ‘भूमितीच्या बंदिस्त राज्यात शिरलेली ही एकमेव नश्वर रेषा’ असे मी तिला म्हटले. एका परदेशी अर्काइव्हमधल्या पत्रव्यवहाराचा दाखला देऊन तिचे नाते युरोपातल्या कोलाजशी जोडले. तेवढ्यासाठी मी बर्लिनपर्यंत गेले होते. विरारच्या फुलपाड्यातल्या माझ्या घरापासून भुईगाव तासाभराच्या रस्त्यावर आहे. तिथे सरांची सख्खी बहीण राहते. तिथे मी गेले नव्हते.

सही करण्यापूर्वी चित्र प्रत्यक्ष पाहावे, हा माझा नियम. दालनाचे गोदाम वालीवला आहे, एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्या बनवणारा आणि दुसऱ्या बाजूला स्क्रू पाडणारा कारखाना, यांच्या मध्ये. दालनाच्या फ्रेमा गेली तीस वर्षे उमंग नावाचा कारागीर तिथेच करतो. त्याने चित्र टेबलावर आडवे ठेवले, मी भिंग काढले, आणि १९७८ च्या प्रदर्शनाचा कॅटलॉग शेजारी उघडला. त्यात माध्यमाच्या रकान्यात लिहिले होते : ‘कागद व कापड, प्लायवर’. छायाचित्र काळेपांढरे होते, पण स्वच्छ. पात नव्हती. १९९९ च्या कॅटलॉगात होती : ‘कागद, कापड व वाळलेली पात’.

हा फरक मी २०११ सालीही पाहिला असणार. ‘चित्रकाराने पुढे केलेला संस्कार’ अशी तळटीप लिहून मी तो मिटवला होता.

“बाकी सगळं खळीनं चिकटवलंय,” मी म्हटले. “ही पात मात्र कसल्यातरी वेगळ्या गोंदाने.”

“माझाच गोंद तो,” उमंग समाधानाने म्हणाला. “नव्याण्णवला फ्रेम बदलली ना, तेव्हा. जुन्या फ्रेमच्या फटीत खोचलेली होती, नुसती लोंबत होती. म्हटलं, आर्टिस्टचा पीस आहे, पडला तर साहेब मला धरतील. असा बसवलाय की भूकंप आला तरी हलणार नाही.”

“फटीत खोचलेली होती?”

“हो ना. आणि तेव्हा हिरवट होती, मॅडम, काठाला. आता बघा, पार बिडीसारखी झाली.”

मी भिंग खाली ठेवले. १९९९ साली जी पात काठाला हिरवी होती, ती १९८६ साली गेलेल्या माणसाने लावलेली नव्हती. आणि जे चित्र वीस वर्षे वालीवच्या बंद गोदामात ‘अखंड’ पडून होते, त्याच्या फ्रेमला अंधारात ताजी पात फुटत नाही. म्हणजे त्या साली ते एखाद्या घरात होते. कोणाच्या, हा प्रश्न खरे तर उरलाच नव्हता. पण मी उच्चविद्याविभूषित असल्यामुळे तो विचारायला मला दुसऱ्या दिवशी बस धरावी लागली.

डेल्फिनमावशी ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, नजर मात्र पूर्वीचीच. आतल्या खोलीत त्यांची नात एलिसा लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचे काम करत होती. घरची बोली ती माणसे घरच्यांशी बोलतात. माझ्याशी मावशी नेहमीच शाळेतले मराठी बोलत आल्या.

“वर्तकांची राधिका ना तू?” त्यांनी विचारले. “सिप्रियन गेला तेव्हा आली नाहीस.”

“तेव्हा मी परदेशात होते, मावशी.”

“हां. आम्ही इथंच होतो.” त्यांनी सूप बाजूला सारले. “बस. खुर्ची पुसून घे, मांजर बसतं तिच्यावर.”

मी फोनवरचे छायाचित्र त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, आधी लाल पट्ट्यावर बोट ठेवले. “आईचं लुगडं,” त्या म्हणाल्या. मग बोट डावीकडे सरकले आणि थांबले. चेहऱ्यावर आला तो आनंद नव्हता. ती काळजी होती, चुलीवर काही विसरल्याची आठवण झाल्यासारखी.

“ही झावळी अजून तिथंच आहे?”

“कुठली झावळी?”

“ही काय. माझी. जाळायला द्यायची राहिली.”

जे मला लहानपणापासून ठाऊक होते, ते आता सांगावे लागणार. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली पात घरोघर आणतात आणि भिंतीवरच्या तसबिरींमागे खोचतात : येशूच्या, मरियेच्या, गेलेल्या आईबापांच्या फोटोमागे. वर्षभर ती तिथे राहते. पुढल्या साली उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवाराच्या आधी ती उतरवून चर्चमधल्या टोपलीत द्यायची. त्या साऱ्या पाती जाळून जी राख होते, ती त्या बुधवारी फादर भाविकांच्या कपाळाला लावतात. आशीर्वादाची वस्तू टाकायची नसते, विकायची नसते, अर्धवट सोडायची नसते. भुईगावातल्या निम्म्या घरांत मी अशा पाती पाहत मोठी झाले. नाताळात कुस्वाराचा फराळ घेऊन माझ्या आईकडे येणाऱ्या बायकांच्या घरांत. मग मी शिकले, आणि त्यांतल्याच एका पातीला ‘नश्वर रेषा’ म्हणू लागले.

“पण चित्रामागे का, मावशी? हा तर देवाचा फोटो नाही.”

“सिप्रियनचा फोटोच नव्हता घरात. काढूच द्यायचा नाही. शाळेच्या ग्रुपमध्ये आहे एक, त्यात मान वळवलेली.” त्या पुन्हा छायाचित्राकडे वळल्या. “माणूस गेला की त्याच्या फोटोला झावळी लावतो आपण. त्याचं हे होतं. त्याच्या हाताचं, आईच्या लुगड्याचं. मग मी ह्यालाच लावायचे, दर साल.”

“चित्र ह्याच घरात होतं? सगळी वर्षं?”

“मग कुठं असणार? मुंबईला एकदा लावलं, आणि परत आलं. आत, ऑल्तारच्या बाजूला.” त्यांनी दारातून दिसणाऱ्या घरच्या वेदीकडे हात केला. “नव्याण्णवच्या एप्रिलात ते दालनाचे साहेब आले. म्हणाले, सिप्रियनचं मोठं प्रदर्शन करतो, दोन महिन्यांत आणून देतो.”

“त्यांच्याकडून काही लिहून घेतलं नाहीत?”

मावशींनी माझ्याकडे पाहिले. “ते आत येताना चपला काढून आले. ऑल्तारपुढं हात जोडले. घरात असं येणाऱ्या माणसाकडं कागद मागायचा?”

पुढचे एलिसाने सांगितले, लॅपटॉप मिटून. आजी दोनदा मुंबईला जाऊन आली. पहिल्या वेळी चित्र पुण्याला गेल्याचे कळले, दुसऱ्या वेळी बडोद्याला. चहा मिळाला. “तिला वाटलं, भाऊ आयुष्यात कुठे गेला नाही, निदान त्याचं चित्र तरी फिरतंय. मी म्हटलं, आजी, तुला गंडवलंय. तर मलाच ओरडली.”

“फिरू दे म्हटलं होतं,” मावशी म्हणाल्या. “ठेवून घ्या असं नव्हतं म्हटलं.”

एलिसाने फोनवर काहीतरी शोधले. माझा लेख शोधला, हे ती वाचू लागली तेव्हा कळले. एका दमात, अजिबात चढउतार न करता तिने पातीची दोन पाने आजीला वाचून दाखवली. बर्लिनही वाचले. मावशींनी सारे लक्ष देऊन ऐकले, प्रवचन ऐकावे तसे. कोणी हसले असते तर मला बरे वाटले असते.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“झावळीवर?”

“हो, मावशी.”

त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढले. “विचारायचं होतंस,” त्या म्हणाल्या. आणि काही शेंगा सोलून झाल्यावर : “मला ते परत पाहिजे, राधिका. मी जायच्या आधी. आणि ती झावळी इतकी वर्षं लटकत ठेवलीय, त्याचं मला बरं वाटत नाही.”

धवलला मी वालीवच्या गोदामातच भेटायला बोलावले, चित्रासमोर. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. तो उद्धट नाही. उद्धटपणाची गरज पडू नये अशा घरात तो वाढला आहे.

“पपांनी व्यवहार केलाच असणार, मॅडम. तेव्हा कोण कागद ठेवत होतं?”

“तुझा मसुदा म्हणतो, एकोणऐंशीपासून चित्र तुमच्याकडे आहे. उमंगला पात हिरवी सापडली नव्याण्णवला. त्या वीस वर्षांत तुझे वडील झावळ्यांच्या रविवारी मिस्साला जात होते काय?”

दाराशी उभ्या उमंगने मान खाली घातली. धवल चित्राकडे बघत राहिला.

“मग पात काढून टाकू,” तो म्हणाला. “रिस्टोरेशन. तुम्हीच म्हणताय ना, ती ओरिजिनल नाही? चित्र पुन्हा अठ्ठ्याहत्तरच्या कॅटलॉगसारखं होईल. सगळं जुळेल.”

“आणि माझा लेख?”

“लेख कोणी वाचत नाही, मॅडम. फक्त उद्धृत करतात.”

एवढे एक वाक्य तो त्या दुपारी पूर्ण खरे बोलला. मी त्याला सांगितले की, दोन्ही कॅटलॉग किमान पाच ग्रंथालयांत आहेत, पात काढली तरी छापलेली ओळ निघत नाही, आणि ती ओळ त्याच्या वडिलांनीच छापली आहे. चोरीचा माल कोणता, हे एवढ्या तपशिलाने लिहून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

“चोरी हा फार मोठा शब्द आहे,” धवल म्हणाला.

“म्हणून मी तो प्रमाणपत्रात लिहिणार नाही. फक्त तारखा लिहीन.”

“तुमचं पण नाव खराब होईल. पंधरा वर्षं लोक तुमच्या त्या पातीवर पीएचड्या करतायत.”

“ते दुसऱ्या कागदावर लिहीन.”

दोन्ही कागद मी त्या आठवड्यात लिहिले. पहिला सात ओळींचा, दिल्लीच्या संग्रहालयाला, धवलला प्रत : चित्र १९७७ पासून एप्रिल १९९९ पर्यंत चित्रकाराच्या आणि नंतर त्याच्या बहिणीच्या घरी, भुईगाव, एप्रिल १९९९ मध्ये प्रदर्शनापुरते नेले, परत केले नाही. खाली उमंगचे निवेदन, त्याच्या सहीनिशी. त्याने ती सही करायला अर्धा दिवस घेतला. त्या दालनावर त्याचे पोट आहे, आणि हे मला विसरता येत नाही. दुसरा कागद मी माझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवला. त्यात सबबी नव्हत्या. दोन पाने चुकीची आहेत, चूक अज्ञानाची नसून न विचारण्याची आहे, आणि लेखिका त्याच गावची आहे, एवढेच होते.

दिल्लीने नवव्या दिवशी खेद कळवून खरेदी रद्द केली. असला इतिहास चिकटलेले चित्र आता दुसरे कोणी घेणार नव्हते, हे धवलला माझ्याआधी समजले. त्याने पत्र पाठवले : दालन हे चित्र चित्रकाराच्या कुटुंबास ‘स्नेहभेट’ म्हणून देत आहे. मी तो शब्द खोडून ‘परत’ लिहिले आणि पत्र उलट धाडले. ते तीन वेळा असे आले-गेले. चौथ्यांदा त्याने ‘परत’ लिहिले, अर्थात ‘सस्नेह’.

ह्या लढाईचा वृत्तांत मी मावशींना काहीशा अभिमानाने सांगितला. त्यांनी मधेच थांबवले. “काहीही लिहू दे त्याला. राखेच्या बुधवाराच्या आधी येतंय ना?”

ते आधी आले, चार दिवस. उमंग स्वतः टेम्पोतून घेऊन आला आणि चपला उंबऱ्याबाहेर काढताना क्षणभर घुटमळला; साहेबांच्या चपलांची गोष्ट त्याने ऐकलेली होती. भिंतीवरचा खिळा जागेवरच होता. पण मावशींनी चित्र टेबलावर ठेवायला लावले.

“आधी झावळी काढा.”

इथे मी हरकत घेतली. माझा खुलासा छापून आल्यापासून दोन विद्वानांनी माझ्यावर लेख लिहिले होते. एकाच्या मते मी गावकीच्या भावनेपोटी पुरावा रचला होता. त्याला उत्तर द्यायचे तर ती पात, तो गोंद, सारे जागच्या जागी राहायला हवे होते. एखाद्या प्रयोगशाळेत पातीचे वय निघाले असते. मी मावशींना हे समजावून सांगितले. वर्षभर थांबा म्हटले.

“त्या साहेबांनी दोन महिने म्हटलं होतं,” मावशी म्हणाल्या. “तू वर्ष म्हणतेस.”

एलिसा माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा जे दिसले ते लिहिणे भाग आहे. मी आणि तो चपला काढून आलेला सद्गृहस्थ, आम्ही दोघेही त्या ओटीवर एकाच मागणीसाठी उभे होतो : तुमची वस्तू आहे, पण आमच्या कामाची आहे. त्याने निदान ती भलेपणाने मागितली होती.

“काढा,” मी उमंगला म्हटले.

त्याला तासभर लागला. कोमट पाण्याचे बोळे, पातळ पाते, मग पुन्हा पाणी. स्वतःच्या गोंदाला तो हलक्या आवाजात शिव्या देत होता. पात शेवटी तीन तुकड्यांत सुटली. मावशींनी ते तिन्ही तळहातावर घेतले, रुमालात बांधले, आणि मगच चित्राकडे पाहिले.

पात जिथे होती तिथे लुगड्याचा रंग वेगळा होता. सारा पट्टा इतक्या वर्षांच्या दिव्यांनी विटून विटेच्या रंगाचा झाला होता; पातीखालची वीतभर रेघ मात्र गडद लाल राहिली होती, चौकड्यांच्या धाग्यासकट. नव्याण्णव साली ह्या घरातून निघताना तो पट्टा जसा होता, तसा.

“आई हेच नेसायची रविवारी,” मावशी म्हणाल्या. त्यांनी बोट लावले नाही.

शनिवारी संध्याकाळी रुमाल चर्चमधल्या टोपलीत रिकामा झाला. बुधवारी मावशींच्या कपाळावर राख होती. मी चर्चबाहेर, फाटकापाशी थांबले होते. त्या राखेत माझा पुरावा होता, आणि गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवरचे वर्ष. विद्वानांना मी अजून उत्तर दिलेले नाही.

मार्चअखेरीस झावळ्यांच्या रविवारी मी पुन्हा गेले. चित्र ऑल्तारच्या बाजूला होते, आपल्या खिळ्यावर. मावशी स्टुलावर चढू देत नव्हत्या कोणाला. एलिसाने कंबर धरली आणि त्या स्वतः चढल्या. नवी पात हिरवीगार, ओलसर होती. त्यांनी ती फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात खोचली आणि ती त्या गडद लाल रेघेवर उतरली. निम्मी रेघ झाकली गेली.

“मावशी, उजव्या कोपऱ्यात लावली तर?”

“का?”

ती लाल रेघ आता एवढीच साक्ष उरली आहे, ती उघडी राहू द्या, हे सारे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते.

“काही नाही,” मी म्हटले, आणि त्यांना उतरायला हात दिला.